‘लाभक्षेत्र’ व ‘सुरक्षित’ : पेण-रोह्याच्या भातशेतीसंबंधी दोन पारिभाषिक शब्दांची चिकित्सा

पारिभाषिक शब्दाची परीक्षा आपल्याकडे बहुधा दोन कसोट्यांवर केली जाते. तो मूळ परकीय संज्ञेच्या अर्थाशी इमान राखतो की नाही, ही पहिली. आणि त्याच्यापासून विशेषणे, भाववाचक नामे व समास सहजपणे साधता येतात की नाही, ही दुसरी. भाषा संचालनालयाची १९६० मध्ये स्थापना झाल्यापासून जे परिभाषाकोश सिद्ध झाले, त्यांवरील टीकाही प्रायः याच दोन अंगांनी झाली. शब्द बोजड आहे, संस्कृतप्रचुर आहे, उच्चारास कठीण आहे, हा आक्षेप आता इतका जुना झाला आहे की त्याची पुनरुक्ती करण्यात स्वारस्य उरलेले नाही. परंतु तिसरी एक कसोटी आहे व तिच्याकडे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. ज्या माणसाविषयी किंवा ज्या जमिनीविषयी तो शब्द योजला जातो, त्यांच्या व्यवहारात तो शब्द काय घडवितो, ही ती कसोटी होय. प्रस्तुत लेखात पाण्यासंबंधीच्या शासकीय मराठीतील दोन शब्द या कसोटीवर घासून पाहावयाचे आहेत. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे दोन तालुके निवडले आहेत. कारण या दोन शब्दांचा अर्थ आणि तेथील वस्तुस्थिती यांतील अंतर तेथे विशेष स्पष्टपणे दिसते.

हा प्रदेश पाण्याच्या दृष्टीने मोठा विलक्षण आहे. रायगड जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्यात, वर्षाकाठी सरासरीने ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पूर्वेकडे सह्याद्रीच्या सोंडा, मध्ये खाचरांची सपाटी, आणि पश्चिमेस खाडीकाठचा खारेपाट अशी भूमीची रचना. डोंगराखालचा खडक काळा, अग्निजन्य. त्याच्या भेगांत जेवढे पाणी मुरेल तेवढेच राहते व उतारामुळे तेही लवकर निघून जाते. दिवाळीत तुडुंब असलेली विहीर होळीला तळ दाखविते. खारेपाटात उलट स्थिती : पाणी हाताशी आहे, पण खारे. अशा ठिकाणी एक-दोन एकरांचा भातकरी पाण्याविषयी जे बोलतो त्याचा संदर्भ देशावरच्या शेतकऱ्याच्या बोलण्याहून वेगळा असतो. देशावर पाणी नसते म्हणून पीक नसते. येथे पावसाळ्यात पाणी फार झाले म्हणून पीक जाते, सप्टेंबरअखेर भात पोटरीत असताना पंधरा दिवस उघडीप पडली म्हणून जाते, आणि जानेवारीनंतर पाणी मुळीच नाही म्हणून दुसरे पीक निघतच नाही. ‘भाताला एक पाणी हवे होते’ असे जेव्हा येथला शेतकरी म्हणतो, तेव्हा ‘पाणी’ हे एरवी अगणनीय असलेले नाम तो मोजतो. त्याचे माप पाळीचे आहे, घनमीटराचे नव्हे. दशलक्ष घनमीटरांत मांडलेल्या हिशेबात हे ‘एक पाणी’ शोधून सापडावयाचे नाही.

महसुली परिभाषा ही या बाबतीत, अनपेक्षितपणे, बरीच सूक्ष्म होती. ७/१२ च्या उताऱ्यावर जमिनीचे जे प्रकार आजही लिहिले जातात ते पाहावेत : जिरायत, बागायत, तरी, वरकस. यांपैकी ‘जिरायत’ अरबीतून आलेला, मूळ अर्थ केवळ ‘शेती’. ‘बागायत’ म्हणजे फारसी ‘बाग’ शब्दाला अरबी अनेकवचनाचा प्रत्यय लागून झालेला. ‘तरी’ हा फारसी ‘तर’ म्हणजे ओला यापासून, म्हणजे पाणथळ भातजमीन. आणि ‘वरकस’ म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, जेथे नाचणी-वरी व्हावी आणि राबासाठी गवत-कवळ मिळावे. हे शब्द परके असोत वा देशी, त्यांनी जमिनीचे जे वर्णन केले ते डोळ्यांना दिसणारे होते. ‘तरी’ असे म्हटल्याने पाणी कोठून आले, कोणी दिले, त्याचे श्रेय कोणास, यांपैकी काहीच सुचविले जात नाही. जमीन ओली असते एवढेच सांगितले जाते. राजव्यवहारकोश रायगडाच्याच सावलीत सिद्ध झाला, आणि फारसी शब्द काढून संस्कृत शब्द बसविण्याची आपली परंपरा तेथवर जाते. परंतु शेतजमिनीच्या वर्गवारीतील हे फारसी-अरबी शब्द तीन शतके टिकून राहिले, याचे कारण त्यांच्या या वर्णनपरतेत असावे असे वाटते.

आता ‘लाभक्षेत्र’ या शब्दाकडे वळू. धरणाच्या किंवा कालव्याच्या पाण्याखाली जी जमीन येऊ शकते तिला इंग्रजीत ‘कमांड एरिया’ म्हणतात. ही संज्ञा कालव्यांच्या इंजिनियरांची आहे आणि तिच्यातील ‘कमांड’ म्हणजे हुकूम नव्हे. टेकडीवरच्या किल्ल्याचा खालच्या खोऱ्यावर जसा उंचीमुळे ताबा चालतो, तसा कालव्याच्या पातळीचा तिच्याहून सखल असलेल्या जमिनीवर चालतो. तेथे पाणी उचलावे न लागता आपल्या ओढीने जाऊ शकते. इतकाच त्या संज्ञेचा अर्थ आहे. तिच्यात पाणी मिळाल्याचे विधान नाही, मिळेल असे आश्वासनही नाही. फक्त उंचसखलपणाचा संबंध आहे. एखाद्या कालव्यात थेंबभर पाणी नसले तरी त्याचा ‘कमांड’ नकाशावर जसाच्या तसा राहतो, आणि असे म्हणण्यात कोणताही विसंवाद होत नाही.

मराठीत या संज्ञेस ‘लाभक्षेत्र’ हा प्रतिशब्द रूढ झाला. देशात १९७४-७५ पासून सुरू झालेल्या विकासकार्यक्रमाचे मराठी नाव ‘लाभक्षेत्र विकास’ असे पडले व त्यायोगे हा शब्द गावोगावी पोचला. शब्द सुटसुटीत आहे, श्रुतिमधुर आहे. समासही सरळ आहे. पण त्याने अर्थाची एक मोठी उडी घेतली आहे. शक्यतेच्या जागी तो फळ ठेवतो. जमीन पाटाहून सखल आहे, हे भूगोलाचे विधान; जमिनीस लाभ झालेला आहे, हे अर्थव्यवहाराचे विधान. पहिले खरे असतानाही दुसरे खोटे असू शकते, आणि आपल्याकडे ते कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे खोटे राहिले आहे. ‘आमची जमीन लाभक्षेत्रात आहे, पण आम्हांला लाभ नाही’ हे वाक्य इंग्रजीत उतरविले तर त्यातील विरोध नाहीसा होतो. मराठीत मात्र बोलणाराच काही विसंगत बोलत आहे असा भास होतो. तक्रार करणाऱ्याच्या तोंडची भाषाच तक्रारीच्या विरुद्ध साक्ष देते. पुढे त्याच पदावरून ‘लाभधारक’ हा शब्द साधला गेला. पाण्याचा अर्ज नमुना सातवर भरणारा, पाणीपट्टीचा देणेकरी असलेला शेतकरी हा आता हक्कदारही नाही आणि ग्राहकही नाही. तो लाभ धारण करणारा आहे. ज्याने काही दिले नाही व ज्यास सर्व मिळाले, असा या शब्दाचा ध्वनी आहे.

पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. हे धरण पाटबंधाऱ्यासाठी बांधले गेले आणि तालुक्यातील बरीच गावे त्याच्या लाभक्षेत्रात दाखविली गेली. धरण उभे राहिले, पाणी साठले, त्यातील वाटा सिडकोमार्फत नव्या मुंबईच्या पिण्याच्या पाण्याकडे गेला. कालवे मात्र शेतांपर्यंत पोचले नाहीत. अशा स्थितीत २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्रांच्या कायद्यानंतर उरण, पनवेल व पेण या तालुक्यांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राची योजना पुढे आली. भूसंपादनास विरोध करणाऱ्या पेणच्या शेतकऱ्यांनी जो युक्तिवाद केला त्याचा कणा हाच शब्द होता : आमची गावे हेटवण्याच्या लाभक्षेत्रात आहेत, सिंचनाची जमीन अशा योजनेस घेता येणार नाही. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने २२ गावांतील शेतकऱ्यांचा कौल घेतला. ती २२ गावे निवडण्याचे कारणही, ती लाभक्षेत्रातील गावे होती, हेच. पुढे ते भूसंपादन तडीस गेले नाही.

या प्रसंगाचा राजकीय अर्थ काय लावावयाचा तो ज्याचा त्याने लावावा. भाषेच्या अभ्यासकाने येथे एवढे टिपून ठेवावे की ज्या शब्दाने शेतात पाणी आणले नव्हते, त्या शब्दाने शेत राखण्यास हातभार लावला. शासनाने जे मोघम आश्वासन शब्दात गुंफले होते ते शेतकऱ्यांनी अक्षरशः घेतले व शासनापुढेच मांडले. ‘लाभक्षेत्र’ हा शब्द सदोष आहे असे वर म्हटले; पण त्याच्या दोषाचा उपयोगही झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या जागी केवळ उंचीचे वर्णन करणारा नेमका शब्द असता, तर त्या शब्दाच्या आधारे एवढा नैतिक दावा उभा करणे कठीण गेले असते. परिभाषेची चिकित्सा करताना ही गुंतागुंत ध्यानात ठेवावयास हवी. अचूक शब्द हा प्रत्येक वेळी दुर्बळाच्या बाजूचा असतोच असे नाही.

या नाण्याची दुसरी बाजूही आहे. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाच्या कायद्यात ‘लाभ मिळालेला पट्टा’ अशा अर्थाची एक स्वतंत्र इंग्रजी संज्ञा आहे. तिलाही मराठीत ‘लाभक्षेत्र’ असेच म्हणतात. या पट्ट्यातील जमिनींच्या हस्तांतरणावर कायद्याने निर्बंध येऊ शकतात व विस्थापितांना देण्यासाठी तेथील मोठ्या धारकांची काही जमीन घेता येते. तत्त्व न्याय्य आहे : एकाचे घर बुडून दुसऱ्यास पाणी मिळते, तर दुसऱ्याने वाटा द्यावा. पण दोन भिन्न संज्ञा मराठीत एका शब्दात मिसळल्यामुळे, ज्याची जमीन केवळ पाटाहून सखल आहे तोही लाभ मिळालेल्यांत गणला जातो. पाणी येण्यापूर्वीच बोजा येतो. इंग्रजी मजकुरात हा घोटाळा निदान शब्दाशब्दांत दिसतो. मराठीत तो दिसतही नाही. भाषांतराने अर्थ गमावल्याची उदाहरणे आपण वर्गात नेहमी देतो. भाषांतराने दोन अर्थ एकत्र बांधल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल.

‘सिंचन’ या शब्दाचीही अशीच कथा आहे. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीवरून दशकभरात सिंचित क्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्का वाढल्याचे दिसले, आणि नोव्हेंबर २०१२ मधील सिंचनाच्या श्वेतपत्रिकेने ती वाढ ५.१७ टक्के असल्याचे सांगितले. त्या वादात भ्रष्टाचाराचे आरोप होते व त्यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही आकडे ‘सिंचन’ या एकाच शब्दाखाली वावरत होते, आणि कोणते ओलीत त्यात धरावयाचे याविषयी मात्र एकवाक्यता नव्हती, हा भाग चर्चेत मागे पडला. ‘निर्मित सिंचनक्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष सिंचन’ असे दोन शब्दप्रयोग खात्याच्या कागदांत आहेत. त्यांपैकी पहिला भाषणांत येतो आणि दुसरा तळटीपेत. आणि भातानंतर त्याच खाचरात, जमिनीत उरलेल्या ओलीवर, एकही पाणी न देता जो वाल, पावटा किंवा हरभरा घेतला जातो, तो या दोहोंतही नाही. पेण, रोहा, अलिबागकडचा वाल नावाजलेला आहे आणि हिवाळ्यातली पोपटी त्याच्या जवळच्याच शेंगांवर पेटते. पण ‘अंगओलितावर’ येणाऱ्या या पिकाचे क्षेत्र ‘असिंचित’. ‘अंगओलित’ हा शब्द पाहा : पाणी बाहेरून शिंपलेले नाही, जमिनीच्या अंगचे आहे. ‘सिच्’ म्हणजे शिंपणे या धातूवर उभारलेल्या परिभाषेत या ओलीला जागा मिळणे शक्यच नव्हते.

रोह्याकडे पाण्याचा इतिहास निराळा आहे व त्याचा शब्दही निराळा. मुळशीच्या धरणासाठी मावळातील गावे बुडाली, त्याविरुद्ध १९२१ पासून सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात अग्रभागी होते. हे सर्व मराठी वाचकास परिचित आहे. त्या धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहात १९२७ पासून येते, हे तितकेसे लक्षात ठेवले जात नाही. मुळेचे, म्हणजे अंती कृष्णेच्या खोऱ्याचे आणि बंगालच्या उपसागराकडे निघालेले ते पाणी वीज देऊन कुंडलिकेत उतरते, डोलवहालच्या बंधाऱ्याशी अडविले जाते आणि कालव्यांतून शेतांकडे वळविले जाते. त्याच नदीवर धाटावची कारखानदारी उभी आहे, आणि अलीकडे कोलाडला सकाळच्या विसर्गाच्या वेळेवर होड्यांच्या साहसी सफरी निघतात. रोह्यातील उन्हाळी भात हे या पाण्याचे पीक आहे. आणि या पाण्याचे खात्यातील नाव काय, तर ‘अवजल’.

‘अव’ हा उपसर्ग खाली या अर्थी आहे, पण मराठीत त्याला अवगुण, अवकृपा, अवदसा यांच्या संगतीने हीनतेचा वासही आहे. वीजगृहाच्या बाजूने पाहिले तर शब्द बिनचूक आहे : काम होऊन खाली सोडलेले पाणी. शेताच्या बाजूने पाहिले तर तेच मुख्य जल आहे. या शब्दात जे दिसते ते पाहणाऱ्याचे स्थान होय, आणि ते स्थान वीजगृहाचे आहे. याचा परिणाम व्यवहारात असा की अवजल हे उरलेले म्हणून धरले जाते. ते केव्हा सुटेल हे विजेच्या मागणीवर ठरते, भाताच्या निसवणीवर नव्हे. कालवा नादुरुस्त असला, गळती असली, तरी ‘अवजल वाया गेले’ हे वाक्य कानाला तितकेसे खटकत नाही. वाया जाणे जणू त्याच्या नावातच आहे. ‘धरणाचे पाणी वाया गेले’ हे खटकते. कोयनेच्या पश्चिमेकडे सोडलेल्या पाण्याविषयीच्या चर्चेतही हाच शब्द दशकानुदशके चालला आहे, आणि ते पाणी कोणी न्यावे याविषयीच्या योजना जितक्या झाल्या, तितके ते ज्या कोकणात उतरते तेथील शेतांविषयी बोलले गेले नाही.

कालवा जेथे नाही तेथे विहीर किंवा विंधनविहीर हा उपाय सुचविला जातो. तेथे आपला दुसरा शब्द भेटतो. भूजलाचे जे नियतकालिक मूल्यांकन होते त्यात वार्षिक पुनर्भरणाच्या तुलनेत उपसा किती याचे प्रमाण काढले जाते. ते ७० टक्क्यांपर्यंत असेल तर त्या घटकास ‘सुरक्षित’ म्हणतात. त्यापुढे ९० पर्यंत ‘अंशतः शोषित’, १०० पर्यंत ‘शोषित’ आणि त्याहून अधिक असल्यास ‘अतिशोषित’. रायगडचे तालुके या वर्गवारीत ‘सुरक्षित’ येत आले आहेत. पेण तालुक्यात तर उन्हाळ्यात टँकरने पिण्याचे पाणी पुरवावे लागणाऱ्या वाड्या आहेत, आणि तालुका सुरक्षित आहे.

या चार शब्दांची मालिका व्याकरणदृष्ट्या तपासण्याजोगी आहे. शेवटचे तीन शब्द एकाच क्रियेची, शोषणाची, कमीअधिक मात्रा सांगतात. पहिला शब्द त्या मालिकेतला नाहीच. तो क्रिया सांगत नाही, स्थिती सांगतो. मात्रा सांगत नाही, निर्वाळा देतो. मालिका सुसंगत ठेवावयाची तर तेथे ‘अल्पशोषित’ हवा होता. तो शब्द योजला असता तर वाचकाच्या मनात आपोआप प्रश्न उभा राहिला असता : अल्प का? आणि उत्तर मिळाले असते की उपसा अल्प आहे, कारण मार्च-एप्रिलमध्ये उपसावयास फारसे उरतच नाही. खडकात साठवणच तोकडी आहे. ‘सुरक्षित’ या शब्दाने तो प्रश्नच मिटवून टाकला. इंग्रजीतही पहिला शब्द याच अर्थाचा आहे, हे खरे. पण तेथील पुढचे शब्द संकटाची पायरी सांगणारे आहेत, त्यामुळे तो त्यांच्यात सामावतो. मराठीने पुढचे शब्द बदलून शोषणाचे केले, आणि पहिला तेवढा जसाच्या तसा घेतला.

मूल्यांकनाच्या पद्धतीत आणखी एक तपशील आहे. २० टक्क्यांहून अधिक उताराची डोंगराळ जमीन पुनर्भरणास अयोग्य म्हणून हिशेबातून वगळली जाते. आणि जेथे भूजल खारे आहे तो भाग वेगळा काढला जातो. शास्त्रदृष्ट्या दोन्ही गोष्टी योग्यच आहेत. पण पेण-रोह्याच्या नकाशावरून डोंगर काढला व खारेपाट काढला की मध्ये जी चिंचोळी सपाटी उरते तिच्याविषयीच ‘सुरक्षित’ हे विधान उरते, आणि ते संपूर्ण तालुक्याच्या नावापुढे लिहिले जाते. ज्या ठाकूर-कातकरी वाडीस उन्हाळ्यात नदीच्या पात्रात डवरा खणून पाणी मिळवावे लागते ती डोंगरात आहे. जेथे विहीर खणली तर खारे लागते ते गाव खारेपाटात आहे. विधान ज्यांना लागू नाही त्यांच्याच नावापुढे ते लागले आहे.

खारेपाटाविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. कारण तेथे ‘सिंचन’ हा शब्द केवळ अपुरा पडत नाही, उलटा पडतो. खाडीच्या भरतीस बांध घालून आतली जमीन लागवडीस आणण्याची पद्धत जुनी आहे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये पेणच्या बाजूच्या शिलोत्री वहिवाटीचे वर्णन आहे : ज्यांनी बांध घालून खार उठविली, त्यांचे त्या जमिनीशी व बांधाच्या दुरुस्तीशी बांधलेले नाते. येथील पाण्याचा सारा व्यवहार बांध, उघाडी आणि खांड या तीन शब्दांवर चालतो. उघाडी म्हणजे बांधातील झडपेचे दार : भरतीचे खारे पाणी आत येऊ न देणारे आणि ओहोटीला पावसाचे साचलेले गोडे पाणी बाहेर जाऊ देणारे. खांड म्हणजे उधाणाने बांधाला पडलेले भगदाड. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघेपर्यंत थांबावयाचे, मग मोड आलेले बी ‘रहू’ म्हणून फेकावयाचे, राता जातीसारखे मिठाला टिकणारे भात घ्यावयाचे. ही शेती पाणी देण्याची नाही, पाणी निवडण्याची आहे. कोणते आत ठेवावयाचे व कोणते बाहेर. ‘उघाडी’ या एका शब्दात पाणी देणे व पाणी काढणे या दोन्ही क्रिया एकत्र आहेत. पाटबंधाऱ्याच्या परिभाषेत त्यांना दोन वेगळे शब्द, दोन वेगळी अंदाजपत्रके लागतात.

१९४८ च्या खारजमीन कायद्याने मंडळ स्थापून आणि पुढे १९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमाने हे काम शासनाने आपल्याकडे घेतले. त्याने काही बांध पक्के झाले हे मान्य केलेच पाहिजे. पण गावकीचे काम खात्याचे झाले तेव्हा शब्दही खात्याचे झाले. खांड ही गावाला त्या रात्री बुजवावयाची गोष्ट होती. ‘बंधाऱ्याची हानी’ ही पंचनाम्याची, प्रस्तावाची आणि मंजुरीची गोष्ट आहे. मधल्या काळात जमीन एक-दोन हंगाम खाऱ्या पाण्याखाली राहिली की तीत खारफुटी उगवते, आणि मग ती शेती आहे की कांदळवन हा नवाच प्रश्न उभा राहतो. नाव बदलल्याने दिरंगाई झाली असे येथे म्हणावयाचे नाही. दिरंगाईला जागा करून देणारा शब्द मात्र उपलब्ध झाला. तळ्यात जिताडा पाळणारा खारेपाटातील शेतकरी गोड्या-खाऱ्या पाण्याची सीमा ज्या बारकाईने जाणतो, त्या बारकाईचा एकही शब्द १९७९ नंतरच्या परिभाषेत आल्याचे दिसत नाही. ‘खार’ हा एकच काय तो आला, तोही ‘भूमी’ला जोडून सुसंस्कृत होऊन.

यावर असा आक्षेप येईल की शब्द बदलून कालवा दुरुस्त होत नाही. पाण्याच्या प्रश्नात भाषावाद्यांनी पडू नये. आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. २००८ चा कौल आणि २०१२ चा वाद या दोन्ही प्रसंगी शब्दाच्या अर्थावरच भांडण झाले आणि त्यात जमिनी व पैसा दोन्ही गुंतलेले होते. शिवाय लोकांचा शब्द परिभाषेत घेता येत नाही, हेही खरे नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी शेजारक्रमाने देण्याच्या पद्धतीला खात्याने ‘शेजपाळी’ असेच म्हटले आहे. खानदेशातील पांझरेकाठच्या ‘फड’ पद्धतीचे नाव ग्रंथांतून जसेच्या तसे चालते. देशावरचे शब्द परिभाषेत गेले आणि कोकणचे गेले नाहीत, याचे कारण पाटबंधारे खात्याचा अनुभवच देशावर घडला, हे उघड आहे. १९६२ च्या बर्वे आयोगापासून राज्याच्या पाणीविचाराचा केंद्रबिंदू अवर्षण हा राहिला; आणि ते समजण्यासारखे आहे. पण त्यातून जी भाषा आली ती तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात अडखळते.

‘लाभक्षेत्रा’ला पर्याय शोधण्यास कोशकारास फार दूर जावे लागले नसते. शेतकरी ‘पाटाखालची जमीन’, ‘विहिरीखालची जमीन’, ‘तळ्याखालची जमीन’ असे म्हणतो. ‘खाली’ या शब्दाने नेमका तोच अर्थ व्यक्त होतो जो इंजिनियराच्या ‘कमांड’ने होतो : उंचसखलपणाचा संबंध. त्यात लाभाची बढाई नाही आणि पाटाशी नातेही तुटत नाही. पाट कोरडा असला तर ‘पाटाखाली आहे, पण पाटाला पाणी नाही’ असे विनाविरोध म्हणता येते. संस्कृत रूपच हवे असेल तर ‘पाटाधीन क्षेत्र’ म्हणावे, परंतु त्याची आवश्यकता प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

शब्दच नसलेल्या एका गोष्टीचा उल्लेख मात्र येथे केला पाहिजे. भाताच्या खाचरांत पाणी प्रत्येक शेतास चारीने वेगळे मिळत नाही. ते वरच्या खाचरातून बांधाला पाडलेल्या वाटेने खालच्या खाचरात उतरते, तेथून आणखी खाली. म्हणजे पाणी घेणारा घटक एक शेतकरी नसतो, उतारावरची खाचरांची पूर्ण ओळ असते. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था केल्या आणि पाणी घनमापाने द्यावयाचे ठरविले. त्या मापाचा शेवट संस्थेशी होतो, आणि संस्थेच्या आतली ही ओळ कागदावर येत नाही. पेण व रोह्यात आता वरचे एखादे खाचर विकले जाते, नवा मालक त्यावर भराव टाकतो किंवा भिंत घालतो, आणि खालच्या चार-पाच खाचरांचे पाणी थांबते. खालचे शेतकरी पाटाखाली असतात, लाभक्षेत्रात असतात, संस्थेचे सभासद असतात. १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याखाली त्यांना दाद मागता येते; पण अर्जात काय लिहावयाचे? अडथळा कशास झाला? पाटास नाही, चारीस नाही, पोटचारीसही नाही. एका शेताच्या अंगावरून दुसऱ्या शेतात जाणाऱ्या पाण्याच्या त्या हक्काला नमुन्यात रकाना नाही, आणि कोशात नोंद नाही. तेथील बोलीत त्या वाटेस गावागणिक कोणते शब्द आहेत, याची पद्धतशीर नोंद करणे हे एखाद्या पदव्युत्तर प्रबंधिकेचे काम आहे. वाशी, शिर्की, कोलाड, नागोठणे या चार टापूंपासून सुरुवात करता येईल.